रांगेचं शेपूट

“शेपूट आहे का?” तळ्याच्या वळणावरून रानमावशींनी हाक दिली.

“आहे!” रांगेच्या टोकाकडून उत्तर आलं आणि मावशी पुढे निघाल्या.

हिवाळ्यात उद्यानात शाळांच्या सहली येत. मुलांना पानं झडलेली झाडं, चिखलातले ठसे, रिकामी घरटी दाखवायचं काम मावशींचं. रांगेत सगळ्यात मागे चालणारा तो शेपूट, आणि ते काम कित्येक वर्षं त्यांच्या यजमानांकडे होतं. जन्मभर बस चालवलेला माणूस, कोणी मागे राहिलं नाही ना हे बघायची सवय अंगात मुरलेली. “शेपटाशिवाय माकडाला शोभा नाही,” असं ते मुलांना सांगत. पुढे चालणारं माकड कोण, हे मावशींना वेगळं सांगावं लागत नसे.

हल्ली त्यांना विसर पडू लागला होता. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग घराची वाट. घरात दुसरं कोणी नाही, म्हणून मावशी त्यांना रोज कामावर आणत आणि उद्यानाचे साहेब काणाडोळा करत. शेपटाचं काम तेवढं अजून जमत होतं. हाक आली की ‘आहे’ म्हणायचं, इतकंच.

घरट्यांपाशी मुलं गोळा झाली, तेव्हा मुलांचे हे शेपूट-आजोबा त्यांच्यात नव्हते.

“अरे, आत्ता तर ‘आहे’ म्हणाले ना?”

शेवटची चष्मेवाली मुलगी रडवेली झाली. “मावशी, ते मी म्हणाले. आजोबा नुसतेच बघत होते. मला वाटलं, तुम्ही त्यांना रागवाल.”

मुलांना शाळेच्या बाईंवर सोपवून मावशी आल्या वाटेने धावत सुटल्या.

आजोबा तळ्यात घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते. काठाला बर्फाची पातळ साय धरली होती. त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते.

“अहो, काय हे! बाहेर या आधी!”

“माझी मुलं पुढे गेली,” ते म्हणाले. मग त्यांनी मावशींकडे नीट पाहिलं. “तुम्ही कुठल्या शाळेच्या बाई?”

मावशींना आधी राग आला, मग रडू. दोन्ही गिळून त्यांनी आजोबांना काठावर बसवलं आणि त्या आपल्या शालीने त्यांचे पाय चोळत राहिल्या.

दुपारी साहेबांनी बोलावलं. “आज थोडक्यात निभावलं, मावशी. उद्यापासून त्यांना आणू नका. शाळांची जबाबदारी आहे माझ्यावर.” साहेब माणूस वाईट नव्हता. त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. काम सोडावं तर दोघांनी खायचं काय, आणि घरी बसायला दुसरं कोण होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी जेवण झाकून ठेवलं, गॅस बंद केला, यजमानांच्या स्वेटरची बटणं लावली. बाहेर येऊन दार ओढलं आणि कधी नव्हे ते बाहेरून कुलूप घातलं. लगेच आतून यजमानांनी दार ओढून पाहिलं.

“कोण आहे बाहेर?”

“मीच आहे.”

मग ते अगदी आदराने म्हणाले, “बाई, बाहेर थंडी फार आहे. आत या ना.”