बातम्या डावीकडे, कार्यक्रम उजवीकडे

मी एक फळा आहे. एके काळी काळाकुळीत होतो, आता करडा पडलोय. एक कोपरा टवका उडून पांढरा झालाय, पण खडू अजून धरतो.

सुताराने मला एका शाळेसाठी बनवलं. पुढे शाळेत गुळगुळीत पांढरे फळे आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. भूगोल शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्या, तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलं, “आठवण म्हणून काय देऊ?” बाई म्हणाल्या, “तो फळा द्या. तोही माझ्यासारखाच रिकामा बसणार आहे.”

दवाखान्याच्या वरची मोठी खोली बाईंनी मिळवली आणि निवृत्त माणसांचं अभ्यासमंडळ सुरू केलं. कुणी चित्रं काढायला शिकायचं, कुणी नवी भाषा. बाईंनी माझ्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे बातम्या, उजवीकडे पुढचे कार्यक्रम. दर सोमवारी त्या ओल्या फडक्याने मला पुसायच्या आणि नवं लिहायच्या.

‘बेकरीवाल्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं. भेटायला जा, पण स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलू नका.’

‘मंगळवारी गच्चीवर तारे ओळखायला शिकू. आभाळ भरून आलं तर ढग ओळखू.’

माणसं जिना चढून धापा टाकत यायची आणि आधी माझ्यासमोर उभी राहायची. वाचता वाचता हसायची. मला वाटायचं, शाळेतल्या पोरांपेक्षा ही बरी. पोरं माझ्याकडे नाइलाजाने बघायची.

एकदा एक शिंपी आला. दारातच उभा राहिला. हातात टोपी आणि नजर जमिनीकडे.

“या की काका, आत या,” बाई म्हणाल्या.

“नाही, म्हणजे... इथे वाचायला शिकवतात का?”

“कुणाला शिकायचंय?”

“मलाच.”

त्याला आकडे यायचे. मापं घेणाऱ्याचं आकड्यांवाचून कसं चालेल? अक्षरांशी मात्र गाठ पडली नव्हती. बायको होती तोवर दुकानांच्या पाट्या, औषधांची नावं, लेकीची पत्रं सगळं तीच वाचायची. ती गेल्यावर बसवरची पाटी दुसऱ्याला विचारून विचारून तो कानकोंडा झाला होता.

बाईंनी त्याच्यासाठी शुक्रवारची संध्याकाळ ठेवली. विद्यार्थी तो एकटाच. बाकीच्या कार्यक्रमांना तो यायचा नाही. सगळे शिकलेसवरलेले, त्यांच्यात आपण कुठे, म्हणायचा. शुक्रवारी मात्र दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. तो माझ्यावर लिहायचा तेव्हा खडू सुईसारखा धरायचा. बाई म्हणायच्या, “काका, टाचू नका, लिहा.”

याच सुमारास बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांनी फोनवर मंडळाचा ग्रुप काढला. माणूस वाईट नव्हता, कामसू होता. “बाई, आता खडूची धूळ कशाला खाता? सगळं घरबसल्या कळेल.”

“सगळ्यांकडे तसला फोन आहे का?”

“असतोच हो आता सगळ्यांकडे.”

बाई तरीही सोमवारी येऊन लिहीत राहिल्या. पण माझ्यासमोर कुणी थांबेनासं झालं. माणसं खुर्चीत बसून फोनमध्ये बघायची आणि तिथेच हसायची. मी भिंतीला होतो एवढंच.

एका सोमवारी बाई आल्या त्या भिंत धरतच. बराच वेळ बसून राहिल्या. मग उजवीकडे लिहिलं, ‘शुक्रवारी वाचनवर्ग. मला मोठ्या दवाखान्यात जाऊन यायचंय. उशीर झाला तर थांबा.’

शुक्रवारी शिंपी आला. बोट फिरवत त्याने सगळं वाचलं, कुणाच्या मदतीशिवाय. शेवटचा शब्द दोनदा वाचला आणि खुर्ची ओढून बसला. अंधार पडल्यावर खोलीला कुलूप लावून किल्ली खाली दवाखान्यात देऊन गेला. पुढच्या शुक्रवारी आला. त्याच्या पुढच्याही. मधल्या दिवसांत येणाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्यामुळे ते ‘थांबा’ तसंच राहिलं. तो एकटा बसून जुने धडे वाचायचा आणि पावलं वाजली की दाराकडे बघायचा.

अशाच एका संध्याकाळी साहेब विसरलेली छत्री न्यायला आले.

“काका, कुणाची वाट बघताय?”

“बाईंची. थांबा म्हणाल्यात ना.” त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

साहेब छत्री हातात धरून उभेच राहिले. “काका... बाई गेल्या हो. ग्रुपवर टाकलं होतं.”

“कधी?”

“झाला की महिना.”

मलाही ते तेव्हाच कळलं.

शिंप्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला. मग विचारलं, “पोचवायला कोण होतं?”

“सगळेच होतो.”

“सगळे,” तो म्हणाला. “मीपण इथेच होतो, साहेब.”

“राहूनच गेलं,” एवढं पुटपुटून साहेब जिना उतरले.

शिंपी उठला. उजव्या बाजूला त्याने हात लावला नाही. डावीकडच्या जुन्या बातम्या फडक्याने पुसल्या आणि लिहिलं, ‘आपल्या बाइ गेल्या.’ जरा मागे सरून पाहिलं. मग इ पुसून ई केली.

त्यानंतर साहेब दोन-तीन शुक्रवार येऊन त्याच्याशेजारी बसले. पुढे त्यांच्या घरी नातू झाला आणि येणं थांबलं. अलीकडेच मंडळाला बागेपलीकडे नवी जागा मिळाली. हे सांगायला मात्र ते शिंप्याच्या दुकानात स्वतः गेले, एवढं खरं.

शिंपी शेवटचा आला तेव्हा खोलीतल्या खुर्च्या हलल्या होत्या. तो माझ्यापुढे उभा राहिला. “तिकडे मोठा पडदा आहे म्हणे,” तो म्हणाला. “बातम्या सरकत जातात. मला सरकती अक्षरं लागत नाहीत अजून. एक शब्द लावेपर्यंत ओळ निघून जाते.”

तो गेला. तिकडे जातो की नाही, मला ठाऊक नाही. मला न्यायला कुणी आलेलं नाही. या खोलीत आता औषधांची खोकी येणार आहेत, असं खालून ऐकू येतं. मला उतरवतील, पुसतील. फळ्याने पुसून घेण्याची तक्रार करू नये.

तुमच्यापैकी कुणी त्या नव्या जागेत जात असाल, तर मागच्या रांगेत बघा. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक म्हातारा ओठ हलवत पडद्याकडे बघत असेल, तर ती ओळ जरा थांबवून धरा.