कोमट पाण्याची परीक्षा

मित्रांनो, माझं वजन दोन माणसांना उचलवत नाही, आणि तरी माझ्याइतकं भित्रं या घरात दुसरं कुणी नसेल. मी फिनलंडमधल्या कुह्मो गावचा एक जुना रेडिएटर आहे. ओतीव लोखंडाचा, खिडकीखाली भिंतीला टेकून उभा. तळघरातली तेलाची भट्टी पाणी तापवते, ते नळांतून माझ्या पोटात येतं आणि मी खोली ऊबदार ठेवतो.

माझं या घरात येणंही भीतीपायीच झालं म्हणा ना! घरमालक तावेत्ती लहान असताना, युद्धाच्या हिवाळ्यात, त्याचं कुटुंब राहतं घर सोडून निघालं. बर्फगाडीत त्याची पावलं अशी गारठली की ती भीती हाडांत जाऊन बसली. पुढे त्याने लग्न केलं, हे घर बांधलं आणि ओतकामाच्या कारखान्यातून माझ्यासारखे थोराड गडी निवडून आणले. त्याची बायको हेल्मी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगबाई! ही झोपायची खोली आहे की रेल्वे स्टेशन?"

"कुडकुडण्यापेक्षा स्टेशनात झोपू," तावेत्ती म्हणाला.

ती सुखाची वर्षं होती. मार्युतचे, म्हणजे त्यांच्या लेकीचे, ओले हातमोजे माझ्यावर वाळायचे. हेल्मी बनपावाचं पीठ फुगायला माझ्याशेजारी ठेवायची. तावेत्ती रोज सकाळी माझ्यावर तळहात टेकवायचा, चटका बसला की झटकन उचलायचा आणि म्हणायचा, "शाबास, जिवंत आहे!" तेवढं ऐकलं की माझा दिवस छान जायचा. मग मार्युत शिकायला शहरात गेली, हेल्मी देवाघरी गेली, माझ्या रंगाचे पोपडे निघाले, मागे धूळ साचली. सकाळचा तो हात मात्र कधी चुकला नाही.

गेल्या हिवाळ्यात भट्टी ऐन थंडीत बंद पडली आणि तावेत्तीला न्यूमोनिया झाला. भट्टी आतून गंजली होती. यंदाचा हिवाळा ती कसाबसा काढणार होती. मार्युत येऊन राहिली आणि एक दिवस म्हणाली, "बाबा, स्पष्टच सांगते. घर नीट गरम राहणार असेल तर इथे राहा. नाहीतर वृद्धाश्रमात जायचं. तुमची ती घरघर मला पुन्हा ऐकवणार नाही." मला तर पुढचं सगळं दिसलं. तावेत्ती गेला की घर विकणार, आणि मी भंगारात!

मग यार्को आला. तो हीट पंप बसवतो. बाहेरच्या गोठलेल्या हवेतूनसुद्धा उष्णता ओढून घेऊन हे यंत्र घरातलं पाणी तापवतं म्हणे. कॉफी पुढे आली, बन आले आणि त्याने दोन पंपांची चित्रं टेबलावर ठेवली.

"हा मोठा. भट्टीसारखंच कढत पाणी देतो. पण किंमत भारी आणि वीजही खूप खातो."

"परवडणार नाही," मार्युत म्हणाली.

"मग हा छोटा. काटकसरी आहे, पण पाणी कोमटच देतो. कोमट पाण्यावर खोली तापवायला रेडिएटर मोठे लागतात. हे जुने पुरले नाहीत, तर सगळे उपटून नवे बसवावे लागतील."

"तेही परवडणार नाही."

तिघंही माझ्याकडे बघू लागली. मित्रांनो, मला भिंतीत शिरावंसं वाटलं!

यार्कोनेच तोडगा काढला. "थंडी कडाक्याची आहेच. मी भट्टी मंद करतो, पाणी छोट्या पंपाइतकंच कोमट ठेवतो. उद्या दुपारी येऊन बघतो. घर गरम राहिलं तर हाच पंप. नाहीतर..."

"नाहीतर माझी बॅग भरायची," तावेत्ती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर उणे पंचवीस होतं आणि माझ्या पोटात कोमट पाणी. रात्री माझ्यावर टाकलेले मार्युतचे हातमोजे अजून ओलेच होते. तावेत्तीने तळहात टेकवला. चटका बसला नाही. "मेला हा," तो पुटपुटला.

माझ्या काळजाचं पाणी झालं. मी जीव खाऊन ऊब देत होतो, पण माझा माझ्यावरच विश्वास उरला नव्हता. तावेत्तीने कपाट उघडलं, एकावर एक स्वेटर चढवले, लेकीला दिसू नयेत म्हणून वरून ढगळ सदरा घातला आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला. "घाबरू नकोस, मी आहे ना," तो मला म्हणाला.

दुपारी यार्को आला. मार्युत त्याला घेऊन खोलीत शिरली आणि किंचाळलीच. तावेत्तीचा चेहरा लालबुंद, कपाळ घामाने निथळत होतं, छाती धपापत होती.

"बाबा! ताप भरलाय! पुन्हा तेच झालं!"

"मला काही झालेलं नाही. थंडी तर मुळीच वाजत नाही."

"यार्को, अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव! झाली परीक्षा. नको हे घर न् नको तो पंप!"

आपणच त्याला मारलं, असं मला वाटलं. मार्युतने घाईघाईने सदऱ्याची बटणं काढली. आत स्वेटर. त्याच्या आत स्वेटर.

"बाबा, अंगात स्वेटर किती आहेत?"

"एक."

"बाबा!"

"एक... आणि तुझ्या आईने विणलेले सगळे."

यार्को भिंतीवरच्या तापमापकापाशी गेला आणि ठो ठो हसू लागला. "बावीस अंश! मार्युत, ताप कसला? हे उकडून निघालेत!"

ताप पाहिला. अंग अगदी ठीक होतं. मार्युत खाली बसली आणि माझ्यावर डोकं टेकून एकदम हसायला आणि रडायला लागली.

"पण हा तर गार लागतो!" तावेत्ती म्हणाला.

"आजोबा, हाताला काय विचारता? त्याला चटक्याची सवय. खोलीला विचारा. एवढे थोराड आहेत म्हणून कोमट पाण्यावरही पुरले. बसवले कुणी हे?"

तावेत्तीने हेल्मीने विणलेल्या स्वेटरवरून हात फिरवला. "स्टेशनमास्तरने," तो म्हणाला आणि डोळे पुसू लागला.

छोटा पंप आता अंगणात गुणगुणत असतो. माझी भीती गेलेली नाही हं! पारा उतरला की आजही दचकतो. पण मित्रांनो, एक विनवणी आहे. जुन्या वस्तूला आणि जुन्या माणसाला नुसता हात लावून निकालात काढू नका. जरा थांबा, खोलीत बसा.

तावेत्ती अजून रोज सकाळी तळहात टेकवतो. पूर्वी चटका बसायचा, हात लगेच उचलावा लागायचा. आता कॉफी निवेपर्यंत तो तिथेच असतो.