नाकवाल्यांची टाकी

कारखान्यातल्या एका जुन्या कामगाराला सगळे नाकवाले म्हणायचे, आणि त्यांना त्याचा भारी तोरा. पेंढा सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या एका स्वस्तातल्या रसायनात, शिजवायचा, त्यातली साखर काढून इंधन करायचं, सॉल्व्हंट उकळून परत मिळवायचा, असं तिथलं काम. टाकीच्या तळाशी काळा चिकटा उरायचा, तो माणसाने आत उतरून खरवडायचा. त्याआधी नाकवाले टाकीच्या तोंडाशी वाकून हुंगायचे. विषारी वाफ नाही, असं ते म्हणाले की माणूस उतरायचा.

नव्या केमिस्ट बाईंनी वाफ मोजायचं मीटर आणलं, तेव्हा हे महाशय म्हणाले, "बाई, हे नाक तुमच्या जन्माआधीपासून चालू आहे. बॅटरी लागत नाही त्याला." मॅनेजरही हसले. नाकाने कांदे सोलणाऱ्याला शिकवणार कोण? मीटर कपाटात गेलं.

त्या दिवशी उतरणार होता त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नोकरी यांनीच लावून दिलेली.

"दादा, लवकर बघा. पोरीला ताप आहे, दवाखान्यात न्यायचंय."

नाकवाले वाकले. लांब श्वास घेतला. काही नाही.

"उतरा, जावईबापू. फुलं ठेवलीत आत."

शिडीच्या शेवटच्या पायरीवर मेहुण्याचे गुडघे दुमडले. साधी हाकही आली नाही. नाकवाले मागोमाग उतरू लागले, तर दोघांनी कंबरेला धरून त्यांना ओढलं. बाई मीटर घेऊन धावल्या. टाकीच्या तोंडाशी धरताच ते कर्कश वाजू लागलं. माणूस वर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

"मीटर बिघडलंय," नाकवाले ज्याला त्याला सांगत राहिले. "वास नव्हता हो. त्यांचं हृदयच बंद पडलं असणार." त्यांना ते अगदी मनापासून खरं वाटत होतं.

बहिणीला सांगायला ते तसेच, कामाच्या कपड्यांत निघाले. झटका आला, असं सांगायचं ठरलं होतं.

तिने दार उघडलं आणि नाकावर हात धरून मागे सरली. "दादा, केवढा वास येतोय तुझ्या अंगाला. डोळे चुरचुरले माझे."

त्यांनी बाही नाकाशी धरली. हुंगली. पुन्हा जोरात हुंगली. बाहीला कसलाच वास नव्हता.

"आणि हे कुठे राहिले?" तिने विचारलं.

नाकवाले उंबऱ्यातच मटकन बसले. "मी उतरवलं गं त्यांना," ते म्हणाले. "मीच उतरवलं."