फोफोचा आवाज

ज्या बाईनं वर्षानुवर्षं फोफोचा आवाज काढला, तिलाच फोफोच्या चाचणीला बोलवायचं, आणि तेही यादीत नववा नंबर देऊन! हद्द झाली. रामत गन शहरातल्या त्या तळघरातल्या स्टुडिओत पोचेपर्यंत झिव्हिया अबुताबुलचं डोकं चांगलंच तापलं होतं.

फोफो म्हणजे कार्टूनमधला सात वर्षांचा कोल्हा. मालिका परदेशातली, पण फोफो हिब्रू बोलायचा तो हिच्या तोंडून. मधे बरीच वर्षं सगळं बंद होतं. आता नवे भाग येणार होते, आणि आपला फोफो दुसरी कुणी बोलणार या विचारानं तिच्या जिवाला घोर लागला होता.

काचेपलीकडे दिग्दर्शक एलाद बसला होता. वय सव्वीस, पायात सपाता, हातात भाजी भरलेली पिटा रोटी.

"झिव्हिया, पुन्हा एकदा घे. जरा लहान हो ना."

"एकसष्टाव्या वर्षी आणखी किती लहान होऊ रे? पाळण्यात झोपू?"

सहा वेळा झालं. सातव्यांदाही त्यानं मान हलवली.

"फोफो असा नाहीये गं. शाळेतून आलो की मी रोज बघायचो, मला विचार!"

मेल्या, मलाच शिकवतोस? तिनं हेडफोन आपटला नाही एवढंच.

"थांब, ऐकवतो," म्हणत त्यानं जुना भाग लावला. "ही बाई! कोण होती कुणास ठाऊक, आपल्याकडे आवाजवाल्यांची नावं देतंय कोण? हिच्यासारखं हवंय मला."

"ती बाई मी आहे, गाढवा."

एलादचा घास तोंडातच राहिला. मग त्याचा चेहरा खुलला. "अगं, मग सोपंच झालं की! तसंच कर."

तिनं केलं. तीनदा केलं. त्यानं जुना आणि नवा आवाज लागोपाठ लावला. आजीनं नातवाची नक्कल करावी तसा तिचा आवाज येत होता. मेल्याचं खरं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

"कुणाला घेतोयस?"

"नोगा म्हणून आहे. तेवीस वर्षांची." त्यानं मान खाली घातली. "सॉरी, झिव्हिया."

"सॉरी ठेव तुझ्याजवळ. उद्या बोलाव तिला, मी येते. रडायच्या आधी फोफो एकदा नाक ओढतो, ते तुमच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. ती बिचारी तशीच रडून मोकळी होईल."