देविकाने पाठवलेले बारा फोटो

शुक्रवारी दुपारची जेवणं उरकली, किशोरीने टेबल पुसून कोरडं केलं, तेव्हा कुठे राजीवने पाकीट फोडलं. त्यांच्या एकुलत्या लेकीने, देविकाने, ते अमेरिकेहून पाठवलं होतं. आत बारा फोटो, सगळे ब्लॅक अँड व्हाइट, आणि चिठ्ठीत एकच ओळ : ‘आमच्या गल्लीतलं रोजचं जगणं. नीट बघा.’

राजीव आखातातल्या अल् खुवैरच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं इंजिनियर होता. येत्या जूनमध्ये साठी पूर्ण, की व्हिसा खलास. पुढे लेकीकडेच राहायचं म्हणून पुण्याचा फ्लॅटही गेल्या वर्षी, २०१३ साली, त्यांनी विकून टाकला होता. त्यामुळे भाड्याची जागा पसंत करायला गेलेल्या माणसासारखा तो एकेक फोटो निरखत होता.

“फूटपाथ बघ केवढा रुंद! संध्याकाळचं फिरणं झालं आपलं. आणि ह्या आजोबांशी मी गप्पा मारेन.”

ते आजोबा पाठमोरे होते, पाइपने हिरवळीवर पाणी मारत. किशोरीच्या लक्षात आलं, की एकाही फोटोत कुणी कुणाकडे बघत नाहीये. एक बाई तर आपल्याच गॅरेजसमोर, गाडीत एकटी बसून सँडविच खात होती.

“घर समोर असताना ही गाडीत का जेवतेय?”

“अगं, कला असते ती!”

नववा फोटो एका बंद दाराचा होता. पुढच्या गवतात ‘फॉर सेल’ची पाटी.

“शेजार रिकामा होतोय वाटतं,” राजीव म्हणाला.

किशोरीने चष्मा चढवला. दारावर मण्यांचं तोरण होतं. रंग गेले होते, पण मधल्या मोराची मान वाकडी होती, आणि ती वाकडी मान तिच्याच हातची होती.

“अहो, हे देविकाचंच दार आहे.”

तिने तिथली सकाळ होण्याची वाट पाहिली आणि फोन लावला.

“ओळखलंस ना, आई?” देविका म्हणाली. “सांगायला तोंडच उघडेना माझं.”

जावई, सलील, जानेवारीतच निघून गेला होता. घर महिनाअखेर रिकामं करायचं होतं. मैत्रिणीकडे एक खोली मिळाली होती, एकटीपुरती.

“आणि ती गाडीतली बाई?”

“समोरची आहे. तिचंही माझ्यासारखंच झालंय. घरात घास उतरत नाही गं, म्हणून दोघी आपापल्या गाडीत जेवतो.”

‘इकडे निघून ये,’ किशोरीच्या ओठांवर आलं होतं. पण इकडे म्हणजे कुठे? ती नुसतीच “हं” म्हणाली. राजीवपुढे फोन धरला, तर त्याने हात मागे घेतला.

रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्याच कामाच्या दिवशी, राजीव ऑफिसला गेला नाही. दुपारी ऑफिसातल्या जयप्रकाशचा फोन आला; नोकरी संपताना कंपनी देते ते परतीचं तिकीट काढायचं काम त्याच्याकडे होतं.

“भाभी, सर फोन नहीं उठा रहे. फायनल टिकट कहाँ का बनाऊँ?”

किशोरीने आतल्या खोलीत पाहिलं. राजीव भिंतीकडे तोंड करून पडला होता, जागाच होता.

“मुंबई,” ती म्हणाली. मुंबईत उतरून कुठे जायचं, ते तिने सांगितलं नाही, आणि जयप्रकाशनेही विचारलं नाही.