डावं बटण बिघडलेल्या माऊसचा सूड

मी एक माऊस बोलतोय. संगणकाचा. काळा, लांब वायरचा आणि मनात डूख धरणारा. साप डूख धरतो म्हणतात. सापाचं मला ठाऊक नाही, पण मी धरतो. आणि ज्याच्यावर धरला, त्याच्याच हाताखाली सध्या माझे दिवस चाललेत.

जन्म माझा कारखान्यातला. तिथे एका यंत्राच्या लोखंडी बोटाने माझी बटणं हजारो वेळा दाबून पाहिली आणि मी पास झालो. खोक्यावर छापलं होतं की मी वर्षानुवर्षं टिकेन. मला ते खरं वाटलं. माणसाचा हात कसा असतो ते तेव्हा कुठे माहीत होतं?

त्या खोक्यातून मी थेट एका छापखान्यात आलो. पुढे काउंटर, मागे छपाईची यंत्रं, आणि मधल्या काचेच्या खोलीत डिझाइनचं टेबल. त्या टेबलावर जो बसायचा त्याला सगळे 'कलाकार' म्हणत. हे नाव त्याने स्वतःच स्वतःला दिलं होतं आणि लोकांना ते वापरायची सवय लावली होती.

कलाकाराचा राग नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाइकाने फोनवर "अक्षर जरा मोठं करा" म्हटलं की हा गोड आवाजात "हो हो, करतो की" म्हणणार, फोन ठेवणार आणि मला टेबलावर आपटणार. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, त्यातलं अंगण म्हणजे मी.

एकदा याने दोन हजार निमंत्रणपत्रिकांवर चुकीचा वार छापला. छापखान्याच्या मालकीणबाई आत आल्या आणि म्हणाल्या, "कलाकार, समारंभ शनिवारी आहे, आणि तुम्ही लोकांना रविवारी बोलावलंय."

"माझं काही नाही हो, हा माऊस सरकतो," कलाकार म्हणाला. वार टाइप केला होता कीबोर्डवर, आणि सरकलो म्हणे मी! त्या गेल्यावर त्याने मला टेबलाच्या कडेवर तीनदा हाणलं. तिसऱ्या वेळी माझ्या डाव्या बटणाखाली काहीतरी तुटलं. तेव्हापासून कोणी एकदा दाबलं की मी दोनदा वाजतो. मग 'बिघडलेला' म्हणून त्याने मला खणात फेकलं. सुकलेला गोंद, बिनकामाच्या किल्ल्या, मेलेले चार्जर, अशा संगतीत मी अकरा महिने काढले. अंधारात करायला दुसरं काही नसलं की राग चांगला मुरतो.

मला बाहेर काढलं ताईंनी. ताई म्हणजे पुढच्या काउंटरवर ऑर्डरी घेणाऱ्या बाई. वय त्रेचाळीस, चष्मा कपाळावर आणि तोच दिवसभर शोधायची सवय. मालकीणबाईंनी ऑर्डरी लिहायला त्यांना एक जुना संगणक दिला होता, त्याला माऊस नव्हता. पहिल्याच दिवशी मी त्यांची एक फाईल दोनदा उघडली. आता हा हातही आपटणार म्हणून मी अंग चोरलं. पण ताईंनी मला उलटं करून पाहिलं आणि विचारलं, "काय रे, काय झालंय तुला?"

आजवर मला असं कोणी विचारलं नव्हतं.

जेवणाची सुट्टी त्यांनी माझ्यावर घालवली. डबा उघडा तसाच, आणि बोट माझ्या बटणावर. शेवटी त्यांना युक्ती सापडली. बटणाच्या टोकाला नाही, मधोमध, हळू दाबायचं आणि सावकाश सोडायचं. मग मी एकदाच वाजतो. त्या हाताखाली मी कधी जाणूनबुजून चुकलो नाही.

ताईंना डिझाइन शिकायचं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, कारण या वयात शिकायचं म्हटलं की लोक आधी कौतुक करतात आणि मग हसतात. सुट्टीच्या अर्ध्या तासात त्या व्हिडिओ बघायच्या आणि काहीतरी करून पाहायच्या. पहिलं काम होतं त्यांच्या लेकीच्या, छोटीच्या, वाढदिवसाचं कार्ड. एका कार्डावर नऊ तऱ्हांची अक्षरं, प्रत्येक अक्षराला सावली, आणि जागा भरावी म्हणून लेकीचा फोटो दोन्हीकडून ओढलेला. छोटी म्हणाली, "आई, ही मी नाही. हा भोपळा आहे."

मग त्यांच्या जाऊबाईंच्या साबणाची लेबलं केली. जाऊबाई घरी साबण बनवून विकायच्या. पडद्यावर हिरवा रंग असा काही सुरेख दिसत होता की ताई उठून दुरून बघून आल्या. छापल्यावर तोच रंग शेवाळासारखा आला. छपाईवाल्या काकांनी लेबल उजेडात धरलं आणि म्हणाले, "ताई, पडद्यावर उजेड असतो, कागदावर शाई. या दोघांचं कधी पटत नाही. आधी एक नमुना काढून बघत जा." ताईंनी ते वहीत लिहून घेतलं. कलाकाराने ती लेबलं पाहिली आणि दिवसभर दिसेल त्याला सांगत हसला.

खरं शिकवलं ते लिफ्टने. ताईंच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली आणि पाटी करायचं काम यांनी अंगावर घेतलं. पहिल्या पाटीत फुलं, चौकट, रडणारा चेहरा आणि दिलगिरीच्या चार ओळी. शेजारचे आजोबा समोर उभे राहून ती पूर्ण वाचायचे आणि तरीही लिफ्टचं बटण दाबायचे. दुसऱ्या दिवशी ताईंनी सगळं पुसलं. राहिले दोनच शब्द, 'लिफ्ट बंद', हाताच्या पंजाएवढे. आजोबा लांबूनच जिन्याकडे वळले. काय ठेवायचं यापेक्षा काय काढायचं हे महत्त्वाचं, ते ताईंना त्या दिवशी कळलं.

अशात एका बालनाट्य संस्थेचं काम आलं. नव्या नाटकाचं पोस्टर हवं होतं. नाटक एका मुलीचं, जी एके सकाळी उठते ती घरातली सगळ्यात मोठी होऊन. मालकीणबाईंनी जाहीर केलं, "ज्याला वाटतं त्याने करा. संस्थेला जे आवडेल ते करणाऱ्याला डिझाइनच्या खोलीत दुसरी खुर्ची."

ताईंनी तीन आठवडे त्यावर काढले. घरातल्या वस्तूंचे फोटो काढून त्यावरून चित्र केलं. हातभर वेणीची मुलगी, नाकावर मावत नाही एवढा चष्मा, पायात लोळणारी ओढणी, हातात मोठ्या माणसाची छत्री. अशा चित्रात प्रत्येक वस्तू वेगळ्या थरावर असते, पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तशी, आणि प्रत्येक थराला नाव देता येतं. जाणती माणसं 'वस्तू एक', 'वस्तू दोन' अशी नावं देतात. ताईंनी मनात येतील ती दिली. त्या चित्रासाठी मी शेवटचा वाजलो तेव्हा त्यांनी खुर्चीला पाठ टेकली आणि हळूच म्हणाल्या, "जमलं की गं."

दाखवायच्या आदल्या दिवशी छोटीला ताप आला म्हणून ताई दुपारीच घरी गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या खुर्चीत दुसरंच कोणी बसलं. तळहात मी लगेच ओळखला. कलाकाराचं स्वतःचं पोस्टर अजून कोरंच होतं. त्याने ताईंची फाईल उघडली, बराच वेळ बघत बसला, मग ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि इथली उडवून टाकली. पडद्यावरची कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. मी हवं तिथे नको तेवढं वाजलो, पण त्याने कीबोर्डवरून काम भागवलं. मी काही करू शकलो नाही. ती गोष्ट मला अजून खाते.

सकाळी ताईंनी फाईल शोधली. एकदा, दोनदा, दहादा. दुसरी प्रत ठेवायची असते हे त्यांना अजून कोणी शिकवलं नव्हतं. चोरी झाली असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. "माझ्याच हातून उडलं असणार," म्हणत त्या ऑर्डरींची वही उघडून बसल्या. पानावर पाणी पडलं ते त्यांनी पदराने टिपलं. माझ्यावर त्यांनी साधा संशयही घेतला नाही. मला तर वाटलं, यांनी मला निदान एकदा आपटावं.

अकराला संस्थेचे वयस्कर गृहस्थ आले. काचेच्या खोलीत ते, मालकीणबाई आणि कलाकार. पाच मिनिटांत आतून हाक आली, "ताई, तुमचा तो माऊस द्या जरा. माझ्याची बॅटरी गेली."

कलाकाराचा माऊस बिनवायरचा होता, त्याला फार मिरवायचा तो. ताई मला काढून आत घेऊन गेल्या आणि दारातच थांबल्या. समोरच्या मोठ्या पडद्यावर त्यांची मुलगी उभी होती, चष्म्यासकट.

"हे माझं आहे," ताई म्हणाल्या.

कलाकार हसला. "ताई, वेणीवाल्या मुली सगळ्या सारख्याच दिसतात हो."

"ताई, आपण नंतर बोलू," मालकीणबाई म्हणाल्या. गिऱ्हाईक बसलं होतं ना.

मला कलाकाराच्या संगणकाला जोडलं. मी श्वास रोखून होतो, म्हणजे असता तर रोखला असता.

गृहस्थांना चित्र फार आवडलं. "फक्त ही छत्री काढून कसं दिसतं, बघू?"

"एका सेकंदात," कलाकार म्हणाला आणि थरांची यादी उघडली. थर लपवायला त्याच्यापुढचा छोटा डोळा एकदा दाबायचा असतो. त्याने दाबला. छत्री गेली आणि परत आली. पुन्हा दाबला. गेली, आली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी माझ्या बिघाडाला जरा जास्तच जागलो. त्याने घाम पुसून थराच्या नावावर बोट मारलं. नावावर दोनदा वाजलं की ते बदलायची चौकट उघडते. उघडली. मोठ्या पडद्यावर निळ्या पट्टीत अक्षरं आली आणि गृहस्थांनी ती मोठ्याने वाचली, "भाऊजींची छत्री, परत द्यायची."

कलाकार घाईने दुसरीकडे दाबायला गेला. तिथेही चौकट उघडली. 'जाऊबाईंची ओढणी.'

मालकीणबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "कलाकार, तुम्हाला जाऊबाई कधीपासून?"

बिचाऱ्याने फाईलचं वरचं नाव तेवढं बदललं होतं, आत उघडून बघायचे कष्ट घेतले नव्हते. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामाकडे तुच्छतेने बघितलं की असं होतं. ताई पुढे झाल्या, मला हातात घेतलं, मधोमध हळू दाबलं, सावकाश सोडलं. छत्री गेली ती गेली. गृहस्थ म्हणाले, "नको, छत्रीच बरी."

मला वाटलं, संपला हा. पण चोराच्या उलट्या बोंबा. "मार्गदर्शन माझंच होतं ना," तो म्हणाला. "पूर्ण मीच करून घेतलंय त्यांच्याकडून." मालकीणबाईंना भांडणाचा कंटाळा. ताईंना खुर्ची दिली, नवा संगणक दिला, आणि पोस्टरखाली बारीक अक्षरांत दोघांची नावं छापली. त्याचं आधी. छापून आलेल्या पहिल्या पोस्टरवर ताईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं, एवढंच मी पाहिलं.

त्या संध्याकाळी कलाकाराने रागाने आपला बिनवायरचा माऊस भिंतीवर फेकला. मालकीणबाईंनी तुकडे बघितले. "हा तिसरा. आता नवा येणार नाही. तो जुना आहे ना, तो वापरा."

असा मी माझ्या वैऱ्याच्या हाताखाली आलो. ताईंचा हात सुटला याचं दुःख झालं, पण खोटं सांगत नाही, आनंद त्याहून मोठा होता. दोन महिने मी त्याला रडवलं. एक ओळ निवडायला गेला की सगळा परिच्छेद निवडला जायचा. एक फाईल मागितली की दोन. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या ताईंना विचारलं असतं तर एका मिनिटात सुटला असता. पण विचारायला जीभ उचलेना.

गेल्या आठवड्यात पोस्टरच्या दुसऱ्या छपाईचं काम निघालं. तारीख बदलायची होती, गृहस्थ काउंटरवर उभे, काका यंत्र सुरू करून थांबलेले, आणि कलाकाराच्या हातून तारखेऐवजी दरवेळी भलतंच हलत होतं. अखेर तो उठला, मला वायरसकट उपटलं आणि ताईंच्या टेबलापाशी गेला. "ताई, हा कसा वापरायचा?"

ताईंनी पडद्यावरून नजर हलवली नाही. "आधी सांगा, ते पोस्टर कोणी केलं?"

"आता ते कशाला उकरून काढताय?"

"कोणी केलं?"

"तुम्ही," तो पुटपुटला.

"तिकडे काउंटरवर ऐकू जात नाही."

काकांनी यंत्र बंद केलं. मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कलाकाराच्या तळव्याला फुटलेला घाम मला जाणवत होता. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही केलं. एकटीने. मी उचललं."

"काका," मालकीणबाई म्हणाल्या, "खालच्या ओळीत नाव एकच राहील. ताईंचं."

मग ताईंनी मला हातात घेतलं, रुमालाने पुसलं आणि त्याला सगळं नीट दाखवलं. कुठे बोट ठेवायचं, किती दाबायचं, कसं सोडायचं. त्यांच्या मनातला राग तिथेच संपला. चेहऱ्यावरून कळत होतं.

तुमच्याही टेबलावर माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला आपटू नका एवढंच सांगतो. आम्ही बोलत नाही, पण आमच्या सगळं लक्षात राहतं.

त्या दिवशी जागेवर परत जाऊन कलाकाराने माझ्यावर बोट ठेवलं. मधोमध. हळू दाबलं, सावकाश सोडलं, अगदी ताईंनी शिकवलं तसंच. त्याची काही म्हणजे काही चूक नव्हती.

मी दोनदा वाजलो.