न उपटलेली दाढ

मित्रांनो, मी एक जुनी दाढ आहे आणि अजून तोंडातच आहे. आमच्या वस्तीत दाढेने जुनं होणं ही साधी गोष्ट नाही, म्हणून जरा ऐटीत बोलते. तेवढं चालवून घ्या.

माझी मालकीण लाँड्रीत इस्त्री करते. ती सहा वर्षांची असताना मी तिच्या दुधाच्या दातांमागे गुपचूप उगवले. पुढे माझ्यावर काळा ठिपका पडला, तेव्हा तिची आई म्हणाली, "दुधाची आहे, पडेल नि नवी येईल." इथेच सगळे फसतात. मी दुधाची नव्हते. मी एकदाच येते.

तरी मी काम चोख केलं. कडक पाव फोडला, चादरींचे दोरे तोडले, तिचे दोन्ही हात गुंतलेले असताना क्लिपा धरून ठेवल्या. "हिची दाढ म्हणजे पक्कड आहे!" असं लाँड्रीतल्या बायका कौतुकाने म्हणायच्या. ब्रश मात्र फक्त पुढच्या दातांवर फिरायचा, कारण हसताना तेच दिसतात. ठिपक्याचा खड्डा झाला आणि एके दिवशी मालकिणीचा गाल टम्म सुजला.

वस्तीत दातांचा दवाखाना नाही. पाण्याच्या टाकीखाली कधीमधी दातांची गाडी येते. तिच्यात खुर्ची आहे, चिमटे आहेत, पण दाढ वाचवायचं मशीन नाही. ते शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. तिथे पुन्हा पुन्हा जावं लागतं आणि दर खेपेला कामावर खाडा पडतो. म्हणून लोक दाढ काढून मोकळे होतात. वर बाहेरचे म्हणतात, ह्यांना दातांची किंमतच नाही! हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

गाडीपाशी रांगेत आई लेकीला म्हणाली, "काढून टाक. माझ्या सगळ्या काढल्या, मेले का मी?"

डॉक्टर तरुण होती आणि सकाळपासून उभी राहून दमली होती. तिचा चिमटा जवळ आला, तशी माझी पाचावर धारण बसली. इतक्यात मालकिणीने तिचा हात धरला.

"वाचेल का ही?"

"वाचेल, पण इथे नाही. इथे फक्त काढता येते."

"मग नका काढू. सुजेवर गोळ्या द्या आणि कुठे जायचं ते सांगा."

एवढं बोलून तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. आतल्या अंधारात मला आनंदाने नाचावंसं वाटलं.

रांगेतून आवाज आला, "अहो बाई, उठा की! आम्ही काय इथे मुक्काम करायचा?" ती जागची हलली नाही.

मग आई पुढे झाली. आता लेकीची खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. पण तिने डॉक्टरला विचारलं, "माझ्यापण वाचल्या असत्या का हो?"

"काही वाचल्या असत्या, मावशी," डॉक्टर खाली बघत म्हणाली.

"मला कुणी सांगितलंच नाही."

त्यानंतर मालकीण हॉस्पिटलात गेली, की तिच्या जागी आई लाँड्रीत इस्त्रीला उभी राहायची. एकही खाडा तिने पडू दिला नाही. माझी नस काढली, खड्डा भरला, वर टोपी बसवली. आता मला गार-गरम कळत नाही, पण चावते मी अजून झकास.

मित्रांनो, ब्रश मागपर्यंत फिरवा, एवढं कराच. पण सगळा दोष ब्रशवर ढकलू देऊ नका. दाढ वाचवायचं मशीन आपल्या वस्तीत का नाही, हे मोठ्यांना विचारा आणि विचारून विचारून त्यांना भंडावून सोडा. तोवर चिमटा जवळ आलाच, तर आधी विचारा, "वाचेल का?" उत्तर मिळाल्याशिवाय तोंड उघडू नका.